कैद्याचे हस्तांतरण, माफी आणि शांततेची बोलणी : अशा प्रकरणाचे टिपण कसे करावे

३१ ऑगस्ट २०१२ रोजी रामिल सफारोव्ह हा अझरबैजानचा लष्करी अधिकारी हंगेरीतल्या तुरुंगातून बाकूला आणला गेला. खुनाच्या गुन्ह्यासाठी त्याला जन्मठेप झाली होती आणि उरलेली शिक्षा त्याने मायदेशात भोगावी, एवढ्यासाठीच त्याला पाठवण्यात आले होते. परंतु तो पोहोचला त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव्ह यांनी त्याला माफी दिली आणि त्याच दिवशी आर्मेनियाने हंगेरीशी असलेले राजनैतिक संबंध स्थगित केले. नागोर्नो काराबाख या, अझरबैजानच्या हद्दीतल्या पण तेव्हा आर्मेनियन वस्ती असलेल्या प्रदेशाच्या प्रश्नावर आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात वीस वर्षे रखडत चाललेल्या शांतताबोलण्यांना या एका दिवसाने जो ताण दिला, तो नेमका कसा मोजायचा आणि कागदावर कसा उतरवायचा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासमंडळात दर रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात. त्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आहेत, पत्रकारितेचे विद्यार्थी आहेत, एक निवृत्त लष्करी अधिकारी आहेत आणि मोडी लिपीतले कागद वाचणाऱ्या एक ज्येष्ठ बाईही आहेत. गेल्या पावसाळ्यात हे एकच प्रकरण आम्ही सलग पाच रविवार वाचले. पहिल्या रविवारी जो तो आपले मत मांडून मोकळा झाला. पाचव्या रविवारी मात्र प्रत्येकाच्या वहीत वापरता येईल असे टिपण तयार होते. मधल्या चार आठवड्यांत जी पद्धत हाताला लागली, ती इथे क्रमाने मांडतो. प्रत्यार्पण, माफी आणि शेजारी देशांमधले वैर यांचा गुंता असलेल्या कोणत्याही प्रकरणाला ती लावता येईल.

टिपणाची पहिली ओळ

टिपणाची सुरुवात मारल्या गेलेल्या माणसाच्या नावाने करावी, असा माझा आग्रह आहे. अशा प्रकरणांत चर्चा पाहता पाहता राष्ट्राध्यक्ष, करार आणि न्यायालये यांच्यावर सरकते आणि ज्याच्या मृत्यूमुळे हे सारे घडले तो माणूस तिसऱ्या परिच्छेदात ढकलला जातो. या प्रकरणात ते नाव गुर्गेन मार्गारियान असे आहे. तो आर्मेनियाच्या सैन्यात लेफ्टनंट होता आणि वयाने पंचविशीतला होता. नाटोच्या ‘शांततेसाठी भागीदारी’ या कार्यक्रमाखाली हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, इंग्रजी भाषेचा एक अभ्यासक्रम चालू होता आणि त्यासाठी आलेले वेगवेगळ्या देशांचे अधिकारी एकाच वसतिगृहात राहत होते. १९ फेब्रुवारी २००४च्या पहाटे, मार्गारियान आपल्या खोलीत झोपलेला असताना, त्याच अभ्यासक्रमाला आलेल्या सफारोव्हने त्याच्यावर कुऱ्हाडीने घाव घालून त्याला ठार केले. ती कुऱ्हाड त्याने बुडापेस्टमध्येच विकत घेतली होती. त्यानंतर तो हायक माकुचियान या दुसऱ्या आर्मेनियन अधिकाऱ्याच्या खोलीकडे गेला. तिथे दाराला आतून कुलूप होते, आणि म्हणून माकुचियान वाचला.

हा भाग मोठ्याने वाचून झाल्यावर आमच्या बैठकीतले निवृत्त अधिकारी बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी सांगितले की, खडकवासल्याच्या एनडीएत मित्रदेशांचे कॅडेट आपल्या मुलांबरोबर एकाच मेसमध्ये जेवतात आणि या सगळ्या व्यवस्थेचा पाया एकच असतो, तो म्हणजे रात्री दार लोटून झोपता येईल इतका भरवसा. पुण्यात राहणाऱ्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शांततेच्या नावाने उभारलेल्या प्रशिक्षणवर्गातच हा खून झाला, हे टिपणात आरंभीच यायला हवे, कारण पुढच्या माफीचा अर्थ त्यावर अवलंबून आहे.

एप्रिल २००६ मध्ये हंगेरीच्या न्यायालयाने सफारोव्हला जन्मठेप दिली आणि ३० वर्षे सशर्त सुटकेचा विचार होणार नाही, असे निकालात नमूद केले. निकालातला हा ३०चा आकडा ठळक लिहून ठेवावा.

शब्द तपासून घ्यावा

आमच्या फळ्यावर एका विद्यार्थ्याने मोठ्या अक्षरांत ‘प्रत्यार्पण’ असे लिहिले होते. वर्तमानपत्रेही सर्रास तोच शब्द वापरतात. दुसऱ्या रविवारी आम्ही तो खोडला. आरोपीवर खटला चालवण्यासाठी, किंवा दोषी ठरून पळालेल्याला शिक्षा भोगायला लावण्यासाठी, एक देश दुसऱ्याकडे त्याची मागणी करतो आणि तो सोपवला जातो, तेव्हा ते प्रत्यार्पण होते. आपल्याकडे त्यासाठी १९६२चा प्रत्यार्पण कायदा आहे. परदेशात शिक्षा झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा आपल्या माणसांत, आपल्या भाषेत भोगता यावी म्हणून मायदेशी पाठवतात, तेव्हा ते शिक्षा झालेल्या कैद्याचे हस्तांतरण असते. त्यासाठी आपल्याकडे २००३चा स्वतंत्र कायदा आहे. सफारोव्हचे प्रकरण या दुसऱ्या प्रकारात मोडते. २१ मार्च १९८३ रोजी स्ट्रासबर्ग येथे युरोप परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या कैदी हस्तांतरणाच्या करारानुसार त्याला पाठवण्यात आले.

हा फरक निव्वळ परिभाषेचा नाही. प्रत्यार्पणात देणारा देश अटी घालतो आणि त्या अटी पुढेही त्याच्या हातात काही अंशी राहतात. हस्तांतरणाच्या मुळाशी मात्र कैद्याविषयीची माणुसकी आहे आणि तिचे गृहीत असे आहे की, घेणारा देश शिक्षेला शिक्षाच मानतो. त्या कराराचे नववे आणि बारावे ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. नवव्या कलमाप्रमाणे घेणाऱ्या देशाला शिक्षा पुढे चालू ठेवता येते किंवा आपल्या कायद्याप्रमाणे तिचे रूपांतर करता येते. बारावे कलम मात्र दोन्ही देशांना आपापल्या राज्यघटनेनुसार माफी देण्याचा अधिकार देते. म्हणजे अझरबैजानने सफारोव्हला माफी दिली तेव्हा त्याने कराराच्या अक्षराबाहेर पाऊल टाकले नव्हते. हे मान्य करणे आमच्यातल्या अनेकांना जड गेले, आणि मलाही. पण टिपण करणाऱ्याने ते स्पष्ट शब्दांत लिहिलेच पाहिजे, कारण त्यानंतरच खरा प्रश्न समोर येतो: अक्षराने जे चालते, ते दिलेल्या शब्दाने चालते का?

याच ठिकाणी मराठी वाचकाला ओळखीचे एक उदाहरण घ्यावे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात मारलेली उडी आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या उडीनंतर फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात हेगच्या लवादापुढे जो वाद चालला, त्याचा निकाल फारच थोड्यांनी वाचलेला असतो. २४ फेब्रुवारी १९११च्या त्या निकालात लवादाने मान्य केले की, फ्रेंच भूमीवर पकडून ब्रिटिशांच्या ताब्यात देण्यात अनियमितता झाली होती, पण एकदा कैदी हातात आल्यावर त्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निर्वाळा दिला. दोन्ही माणसांत आणि दोन्ही प्रकरणांत काहीही साम्य नाही. मी ते मांडतो आहे ते केवळ ताब्याच्या तत्त्वासाठी. कैदी एकदा हातचा गेला की देणाऱ्याच्या हाती तक्रारीपलीकडे फारसे काही उरत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीही तसेच होते आणि २०१२ सालीही तसेच राहिले. म्हणून देण्यापूर्वी काय लिहून घेतले, याला सगळे महत्त्व येते.

तारखांची पट्टी

तिसऱ्या रविवारी आम्ही गेल्या वर्षीच्या कालनिर्णयची पाने उलटी करून एकमेकांना चिकटवली आणि भिंतीवर हातभर रुंदीची लांब पट्टी लावली. असे करताना एक खबरदारी घ्यावी. वर्षांना सारखी जागा देऊ नये. जिथे घटना दाट आहेत तिथे पट्टी ताणावी आणि जिथे विरळ आहेत तिथे आवळावी. २००६ ते २०१२ ही सहा वर्षे आम्ही वीतभर जागेत बसवली आणि ऑगस्ट व सप्टेंबर २०१२ या दोन महिन्यांना तीन पाने दिली.

पट्टी लिहिताना तीन रंग वापरावेत. एका रंगाने कैद्याचा प्रवास लिहावा, दुसऱ्याने शांतताबोलण्यांचा, आणि तिसऱ्याने तिऱ्हाईत देशाचा, म्हणजे इथे हंगेरीचा. कैद्याच्या रंगात १९९३ची एक नोंदही येते: सफारोव्ह ज्या जाब्राईल जिल्ह्यातला, तो जिल्हा त्या वर्षी आर्मेनियन सैन्याच्या ताब्यात गेला आणि तिथले अझरबैजानी लोक देशोधडीला लागले. ही नोंद गुन्ह्याचे समर्थन म्हणून करायची नाही, पण ती गाळली तर अझरबैजानमध्ये त्याला नायक मानणारी भावना कुठून आली, हे कळणार नाही. बोलण्यांच्या रंगात १९९२ साली मध्यस्थीसाठी स्थापन झालेला मिन्स्क गट येतो, ज्याचे सहअध्यक्षपद पुढे अमेरिका, फ्रान्स आणि रशिया यांच्याकडे होते. मे १९९४ची युद्धबंदी येते. आणि नोव्हेंबर २००७ मध्ये माद्रिद येथे मांडली गेलेली मूलतत्त्वे येतात. ही तिसरी नोंद सगळ्यांत महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे वळतो.

तिन्ही रंग ३१ ऑगस्ट २०१२ या एका चौकटीत एकत्र आलेले भिंतीवर दिसले, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीने विचारले की, हंगेरीने पाठवले, अझरबैजानने सोडले, मग आर्मेनियाने संबंध हंगेरीशी का स्थगित केले? अझरबैजानशी आर्मेनियाचे राजनैतिक संबंध मुळात नव्हतेच, हे त्याचे साधे उत्तर आहे. पण त्याहून खोल उत्तर असे की, वैऱ्याकडून आर्मेनियाची अपेक्षा नव्हती. अपेक्षा होती ती तिऱ्हाइताकडून. शत्रूने केलेला घात माणूस गृहीत धरतो, परंतु ज्याच्याकडे विश्वासाने ठेव ठेवली त्याने ती दुसऱ्याच्या हवाली केली, तर तो घाव वेगळा असतो.

हमीपत्र वाचावे कसे

माझ्या मते या साऱ्या अभ्यासाचा कणा इथे आहे, म्हणून इथे घाई करू नये.

हंगेरीच्या न्याय मंत्रालयाने नंतर सांगितले की, पाठवणीपूर्वी अझरबैजानच्या न्याय मंत्रालयाकडून ऑगस्ट २०१२ मध्ये एक पत्र आले होते. परदेशी न्यायालयाने दिलेली शिक्षा आपल्याकडे रूपांतर न करता चालू ठेवली जाते आणि जन्मठेपेच्या कैद्याला २५ वर्षांनंतरच सशर्त सुटका मिळू शकते, असा त्या पत्राचा आशय होता. वरवर पाहिले तर ही हमीच वाटते. आम्ही त्या आशयाचे एकेक वाक्य फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकापुढे चार प्रश्न मांडले: हे वाक्य कोणाविषयी आहे? कोणी दिले आहे? ते मोडले तर काय होईल? आणि त्यात कशाचा उल्लेख नाही? पहिल्याच प्रश्नावर पत्र अडखळले, कारण ते कायद्याची सर्वसाधारण स्थिती सांगत होते. सफारोव्ह या विशिष्ट माणसाला माफी दिली जाणार नाही, असे वचन त्यात नव्हते. पत्र न्याय मंत्रालयाचे होते आणि माफीचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा होता. मोडल्यास काय, याबद्दल एक अक्षरही नव्हते. पुढे युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ते उत्तर अपुरे आणि सर्वसाधारण स्वरूपाचे असल्याची नोंद घेतली, मात्र सफारोव्हला सोडले जाईल हे हंगेरीला निःसंशयपणे ठाऊक होते किंवा ठाऊक असायलाच हवे होते, हे सिद्ध झाले नाही, म्हणून हंगेरीला दोषी धरले नाही.

मोडी वाचणाऱ्या बाईंनी या वेळी एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटते. आपल्या जुन्या दफ्तरांत ‘कौल’ वेगळा, ‘अभयपत्र’ वेगळे आणि ‘जामीनकतबा’ वेगळा. कौल कोणाला दिला, कशाबद्दल दिला आणि कशावर तो चालेल हे त्यात लिहिलेले असते. जामीनकतब्यात तर जामीन राहणारा आपल्या नावाने बांधला जातो. नुसता आमच्या मुलखात असा रिवाज आहे, एवढेच सांगणारा कागद कौल ठरत नाही. हंगेरीला मिळालेला कागद रिवाज सांगणारा होता, आणि हंगेरीने तो कौल समजून कैदी हवाली केला. दुसऱ्या कोणत्याही प्रकरणाचे हमीपत्र हाती आले, तर त्याला हीच कसोटी लावावी.

तुलनेसाठी आपल्याकडचे एक उदाहरण घ्यावे. पोर्तुगालमधून अबू सालेमला आणताना भारत सरकारने डिसेंबर २००२ मध्ये लेखी हमी दिली होती की, त्याला फाशी दिली जाणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला, पुढे १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली आणि हमीचे काय, हा प्रश्न उभा राहिला. मधल्या काळात, २०११ साली, भारताने अटी मोडल्याचे पोर्तुगालच्या न्यायालयाने म्हटलेही होते. अखेर ११ जुलै २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, २५ वर्षे पूर्ण झाल्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खालील क्षमादानाचा अधिकार वापरण्याचा सल्ला राष्ट्रपतींना देणे केंद्र सरकारवर बंधनकारक आहे, कारण देशाने शब्द दिलेला आहे. मुंबईचे स्फोट ज्यांच्या घरावर कोसळले, त्यांना हे वाचताना काय वाटत असेल, याची मला जाणीव आहे. तरीही दोन्ही प्रकरणे समोरासमोर ठेवली की एक गोष्ट स्वच्छ दिसते. क्षमादानाचा तोच अधिकार एका देशाने दिलेला शब्द पाळण्यासाठी वापरायचे ठरवले आणि दुसऱ्या देशाने तो शब्दातून सुटण्यासाठी वापरला. आपल्या हमीत माणसाचे नाव होते, आकडा होता आणि देणाऱ्याची सही होती. म्हणूनच वीस वर्षांनीही न्यायालयाला तिच्यावर बोट ठेवता आले.

माफी आणि सन्मान वेगळे लिहावेत

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे फक्त सुटकेशी संबंधित गोष्टी लिहाव्यात आणि उजवीकडे सुटकेनंतर राज्याने केलेल्या गोष्टी. सफारोव्हच्या बाबतीत डावीकडे एकच ओळ येते, ती म्हणजे राष्ट्राध्यक्षांची माफी. उजवी बाजू भरत जाते: त्याला मेजर या पदावर बढती देण्यात आली, आठ वर्षांचा थकलेला पगार देण्यात आला, बाकूमध्ये राहायला घर देण्यात आले आणि राष्ट्राध्यक्षांच्या संकेतस्थळावर त्याच्याविषयीच्या कौतुकपत्रांसाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला.

माझे ठाम मत असे आहे की, शांततेला झालेली इजा बहुतांशी उजव्या बाजूने केली. राज्ये गुन्हेगारांना सोडतात. कधी ती थकून सोडतात, कधी अदलाबदलीत सोडतात, कधी तहाचा भाग म्हणून सोडतात, आणि समोरचा पक्ष दात-ओठ खात का होईना, ते सोसतो. परंतु झोपलेल्या माणसाच्या खुनासाठी आठ वर्षांचा पगार मोजला जातो, तेव्हा ती आठ वर्षे तुरुंगातली नसून नोकरीतली होती, असे राज्यच सांगत असते. थकलेल्या पगाराची ही बाब बातम्यांत शेवटच्या ओळीत येते. टिपणात ती वर आणावी. २६ मे २०२० रोजी ‘माकुचियान आणि मिनास्यान विरुद्ध अझरबैजान आणि हंगेरी’ या खटल्यात मानवाधिकार न्यायालयाने दिलेला निकाल याच रेषेवर चालतो. अझरबैजानने केलेल्या सन्मानामुळे खुनाची जबाबदारीच त्या राज्याकडे जाते, असे मानायला न्यायालयाने नकार दिला, कारण त्यासाठी आंतरराष्ट्रीय कायद्याचा निकष फार कडक आहे. परंतु शिक्षेची अंमलबजावणी न करता त्याला मोकळे सोडल्याने जीविताच्या हक्कासंबंधीचे कर्तव्य मोडले गेले, आणि बळीच्या वंशामुळे भेदभाव झाला, असे मात्र निःसंदिग्धपणे ठरवले.

हेच माप दुसऱ्या बाजूलाही लावावे. १५ जुलै १९८३ रोजी पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर टर्किश एअरलाइन्सच्या काउंटरपाशी आर्मेनियन दहशतवादी संघटनेने स्फोट घडवला आणि त्यात आठ जण मारले गेले. त्यासाठी जन्मठेप झालेल्या वारूझान काराबेद्यानला फ्रान्सने २००१ साली सोडून आर्मेनियाला पाठवले, आणि तिथे पंतप्रधानांनी त्याचे स्वागत केले. अझरबैजानी लेखक या घटनेकडे बोट दाखवतात. त्याने सफारोव्हचे समर्थन होत नाही, पण टिपणात हे पान नसेल, तर ते टिपण एका बाजूचे वकीलपत्र ठरेल. आमच्याकडे हे पान चौथ्या रविवारी जोडले गेले, आणि त्या दिवशी बैठकीतला आवाज खाली आला.

या प्रकरणी एक सावधगिरी सांगून ठेवतो. हस्तांतरणाच्या मोबदल्यात अझरबैजान हंगेरीचे कर्जरोखे घेणार असल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या आणि हंगेरीने त्यांचा इन्कार केला होता. अशा गोष्टी वहीच्या मागच्या पानावर ‘सिद्ध न झालेले’ या शीर्षकाखाली ठेवाव्यात आणि निष्कर्षाच्या जवळपासही आणू नयेत.

ताण मोजायचा म्हणजे काय मोजायचे

‘शांतताप्रक्रियेला धक्का बसला’ हे वाक्य लिहायला सोपे असते, आणि बहुतेक टिपणे तिथेच थांबतात. त्याऐवजी, त्या वेळी टेबलावर काय होते, हे आधी पाहावे. माद्रिदच्या मूलतत्त्वांनुसार आर्मेनियन सैन्याने काराबाखभोवतालचे जिल्हे अझरबैजानला परत करायचे होते. त्या बदल्यात काराबाखला अंतरिम दर्जा, आर्मेनियाशी जोडणारा मार्ग, विस्थापितांना परतण्याचा हक्क आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेची हमी मिळायची होती. म्हणजे एका बाजूने जमीन द्यायची होती आणि दुसऱ्या बाजूने शब्द द्यायचा होता. जमीन मोजून घेता येते; शब्द मात्र विश्वासावर घ्यावा लागतो.

आता ३१ ऑगस्टची चौकट या तत्त्वांशेजारी ठेवून पाहावी. एका कैद्याबद्दल दिलेला कागद ज्या राज्याने चोवीस तासही धरला नाही, ते राज्य काराबाखमधल्या लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांच्या सुरक्षेची हमी कशी पाळणार, हा प्रश्न येरेवान या आर्मेनियाच्या राजधानीतल्या प्रत्येक कडव्या माणसाच्या हाती आयता पडला, आणि तडजोडीला तयार असलेल्या माणसाकडे त्याचे उत्तर नव्हते. ताण खरा इथे बसतो. बोलणी करणारा मुत्सद्दी परदेशात जे बोलतो, त्याला घरातून परवानगी लागते. माफीने आणि त्यानंतरच्या सन्मानाने ती परवानगीच आक्रसली. मिन्स्क गटाच्या सहअध्यक्षांनी सप्टेंबर २०१२च्या पहिल्याच आठवड्यात या माफीमुळे आणि गुन्ह्याच्या उदात्तीकरणाच्या प्रयत्नांमुळे शांतताप्रक्रियेची व परस्परविश्वासाची हानी झाल्याबद्दल चिंता व्यक्त केली. १३ सप्टेंबरला युरोपीय संसदेने ठराव केला. नाटोच्या सरचिटणीसांनाही त्याच महिन्यात त्या भागाच्या दौऱ्यात हा विषय काढावा लागला. मध्यस्थांची जी शक्ती तत्त्वांवर खर्च व्हायची, ती त्या महिन्यांत एका माणसाच्या प्रकरणावर खर्च झाली, हीसुद्धा मोजण्याची एक रीत आहे.

मात्र पट्टीवर नंतर येणाऱ्या मोठ्या नोंदी, म्हणजे एप्रिल २०१६ची चार दिवसांची लढाई, २०२० सालचे ४४ दिवसांचे युद्ध आणि सप्टेंबर २०२३ मधली लष्करी कारवाई व त्यानंतर काराबाख सोडून गेलेले लाखाहून अधिक आर्मेनियन, या माफीच्या खात्यावर मांडू नयेत. या युद्धांची कारणे फार जुनी आणि फार मोठी आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याने माफीपासून २०२०पर्यंत लाल बाण काढला होता. तो आम्ही पुसायला लावला आणि त्याजागी ‘विश्वास आणखी कमी झाला’ एवढेच लिहिले. जेवढे दाखवता येते तेवढेच लिहावे.

तिऱ्हाइताची किंमत मात्र अचूक लिहिता येते. आर्मेनिया आणि हंगेरी यांचे राजनैतिक संबंध पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. एका पाठवणीसाठी दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

दुसरी उदाहरणे कशी जोडावीत

तुलनेला दोन-तीन प्रकरणांहून अधिक घेऊ नयेत. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८च्या शांतताकरारानंतर चारशेहून अधिक कैदी सोडले गेले आणि त्यांत खुनी होते. पण ही सुटका तहातच लिहिलेली होती, शस्त्रसंधी पाळणाऱ्या संघटनांपुरतीच होती आणि परवान्यावर होती, म्हणजे अट मोडल्यास परत तुरुंगात घेता येत होते. पीडितांच्या घरच्यांना ते अतिशय जड गेले, तरी दोन्ही बाजूंना ते आधी ठाऊक होते. कोलंबियात उलटे घडले: १३ मे २००८ रोजी सरकारने निमलष्करी टोळ्यांचे १४ म्होरके अमली पदार्थांच्या खटल्यांसाठी अमेरिकेला प्रत्यार्पित केले, आणि देशातल्या न्याय व शांतता प्रक्रियेत आपल्या माणसांचे काय झाले हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहणारी कुटुंबे ताटकळत राहिली. तिथे माफी नव्हती, प्रत्यार्पण पूर्ण कायदेशीर होते, आणि तरीही शांततेला ताण बसला. या दोन उदाहरणांमुळे सुटका म्हणजे घात आणि प्रत्यार्पण म्हणजे न्याय, असे सरसकट सूत्र मनात बसत नाही.

आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्याच पट्टीवर याची चांगली बाजूही आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी दोन्ही देशांनी कोणत्याही मध्यस्थाशिवाय संयुक्त निवेदन काढले. अझरबैजानने ३२ आर्मेनियन सैनिक सोडले आणि आर्मेनियाने २ अझरबैजानी सैनिक सोडले. कैदी तेव्हाही सुटले, परंतु दोघांनी मिळून, एकाच कागदावर आणि मिरवणुकीशिवाय. पुढे ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली, आणि दोन्ही देशांच्या विनंतीवरून मिन्स्क गट विसर्जित करण्याचा निर्णय झाला. ३१ ऑगस्ट २०१२ची चौकट आणि ७ डिसेंबर २०२३ची चौकट शेजारी ठेवून दोन्हींतली क्रियापदे अधोरेखित करावीत. आम्हाला फरक तिथे सर्वांत स्पष्ट दिसला.

टिपण लिहून झाल्यावर ते बैठकीत मोठ्याने वाचावे आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने अझरबैजानी वाचकाच्या, तर एकाने आर्मेनियन वाचकाच्या भूमिकेतून हरकती घ्याव्यात. आमच्या टिपणाला शेवटची हरकत निवृत्त अधिकाऱ्यांनी घेतली, आणि ती कोणत्याच बाजूची नव्हती. त्यांचे म्हणणे असे होते की, बंद दाराआड वाचलेल्या अधिकाऱ्याचा उल्लेख पहिल्या पानावर एकदाच येतो आणि मग तो टिपणातून नाहीसा होतो. आम्ही पाने पुन्हा चाळली. २०२०च्या ज्या निकालावर आम्ही दोन रविवार घालवले होते, त्याच्या शीर्षकातले पहिले नाव त्याचेच होते. मार्गारियानच्या एका नातेवाइकाला बरोबर घेऊन तोच स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेला होता. मग पट्टीवर १९ फेब्रुवारी २००४ आणि २६ मे २०२० या दोन तारखांखाली आम्ही हायक माकुचियान हे नाव एकाच शाईने लिहिले.